कोणाचा डावा

"ह्याचा पाय दुखून राह्यला का?" चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवता ठेवता सत्यशीलाबाईंनी सहज विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघराकडे वळल्या. साहेबरावांच्या हातात त्या वेळी बायकोच्याच केसांची जुनी पिन होती. पिनेच्या टोकानं ते मातीच्या घोड्याच्या गुडघ्याखालची शीर उठवत होते. पिन तिथंच थांबली. वीतभराला दोन बोटं कमी उंचीचा हा घोडा चार महिने त्यांच्या खिडकीत उभा होता आणि चार महिन्यांत घरात त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. सत्यशीलाबाई त्याच्या भोवतालची धूळ पुसायच्या, स्टीलच्या कारखान्यांकडून येणारी काजळी पाठीवर बसू नये म्हणून संध्याकाळी त्याच्यावर जुना पेपर झाकायच्या, पण त्याच्याकडे बघत नसत, निदान साहेबरावांना तसं वाटायचं. रिटायर माणसाला काहीतरी लागतं, कोणी दुपारभर पेपर वाचतो, कोणी सकाळी चार-चार फेऱ्या मारतो, आपले हे माती मळतात, एवढंच त्यांनी धरलं असणार. आणि आज एकदम पाय. साहेबरावांना आधी राग आला, मग थकवा आला. हल्ली राग आला की त्याच्या पाठोपाठ थकवा यायचाच, त्यामुळे कशावर नीट रागावणंही होत नव्हतं.

कारण हा घोडा त्यांनी मुद्दाम, हट्टानं, चारी पायांवर सारखा उभा केला होता. डौलात मान वळवलेला नको, टाप उचललेला नको, नुसता उभा घोडा. आणि नुसता उभा घोडा करणं हेच अवघड, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पळणारा घोडा कसाही केला तरी पळतो. उभ्या घोड्यात लपायला जागा नसते. त्यांनी डोक्याच्या लांबीवरून सगळं शरीर बेतलं होतं. डोकं चार बोटं, तर खांद्यापाशी उंची अडीच डोकी, म्हणजे दहा बोटं, आणि छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत लांबीही तेवढीच. तारेचा सांगाडा, त्यावर शाडू, शाडूत पिंजलेला कापूस, म्हणजे वाळताना तडा जात नाही. लोक ज्याला पुढचा गुडघा म्हणतात तो खरं तर घोड्याचं मनगट, मागचा उलटा वळलेला गुडघा म्हणजे टाच, आणि सगळा घोडा उभा असतो तो एकेका बोटाच्या एकेका नखावर. गळ्याखालचं आडवं हाड माणसाला असतं, घोड्याला नसतं. त्याचे पुढचे दोन्ही पाय हाडाला हाड लागून जोडलेले नसतात, छाती नुसती मांसाच्या झोळीत दोन पायांच्या मध्ये टांगलेली असते. हे सगळं त्यांना पुस्तकातून थोडं आणि हातातून जास्त माहीत होतं. बत्तीस वर्षं ते जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते, म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारे. हा शब्द सरकारी कागदावरच राहिला, गावात कोणाच्या जिभेला तो कधी वळला नाही. गावानं त्यांना पहिल्या दिवसापासून डागदर करून टाकलं आणि खऱ्या डॉक्टरांना मोठे डागदर. मोठे डागदर तीन-तीन दवाखान्यांचा चार्ज सांभाळत फिरत, त्यामुळे गावासाठी जे काही होतं ते साहेबरावच होते. त्यांनाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला, डागदर अशी हाक आली की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

चहा निवला. त्यांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि घोड्याच्या छातीसमोर धरला. पुढचा उजवा पाय जवाएवढा पुढे होता. एक जव, फार तर दीड. तार सरकली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. माती वाळताना ओढते, पंख्याचा वारा एकाच बाजूनं लागतो. ते चष्मा पुसून परत बसले आणि मग एक-एक दिसायला लागलं, आणि दिसायला लागल्यावर थांबेना. उजव्या पायाचा घोटा ताठ होता. वजन पडलेल्या पायाचा घोटा किंचित खाली दबतो, डाव्याचा तसा दबलेला होता, उजव्याचा नव्हता. डाव्या खांद्यावर त्यांनी मांस जास्त भरलं होतं, अर्ध्या सुपारीएवढी माती जास्त, आणि ती त्यांनी एका दिवसात नव्हे तर आठवडाभर, बोटाच्या टोकानं, निगुतीनं भरली होती. मागचे पाय पोटाखाली जरासे ओढलेले होते. पुढचं वजन मागं घेतलेलं. तार सरकून हे होत नाही. चार महिने डोळ्यांनी चौरस घोडा बघत आणि हातांनी हा करत ते इथं बसले होते. एका सुखी घोड्याच्या आत कुठंतरी एक दुखरा घोडा उभा राहिला होता आणि घरातल्या जिनं चार महिन्यांत त्याच्याकडे एकदाच नीट बघितलं तिला तो पहिल्या झटक्यात दिसला.

आणि पाय उजवा होता. डावा असता तर त्यांनी ते खरंच पंख्याच्या वाऱ्यावर ढकललं असतं. पण हाताला उजवाच कसा सापडला? गेली अकरा वर्षं जिथं जिथं ही गोष्ट निघाली तिथं तिथं ते डावाच म्हणत आले होते. मुळात ती फारशी निघालीच नाही. मोठ्या डागदरांनी बदली होताना एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, साहेब, मालकानं डावा सांगितला, मी डाव्याला हात लावला. रजिस्टरला डावा, केसपेपरला डावा. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी शिकवतात, डावं-उजवं ठरवायचं ते जनावराच्या मागं उभं राहून, जनावराचं तोंड जिकडं तिकडंच आपलं तोंड करून. जनावराचा डावा तो डावा. त्या गोष्टीत त्यांची चूक कागदावर तरी कुठंच नव्हती, आणि कागदावर नसलेली चूक हळूहळू मनातूनही पुसली जाते, असा त्यांचा अनुभव होता. आता हा मातीचा गोळा तो अनुभव खोटा पाडत होता.

शहजादी आली होती सकाळी दहाच्या सुमाराला. जाफराबादच्या अलीकडचं गाव, दवाखान्याच्या ओट्यापुढं एक कडुनिंब, त्याखाली कारभारी तिचा लगाम धरून उभा. कारभारी हे त्याचं नावच, कारभार कसला तो एका घोडीचा. माळेगावच्या यात्रेतून त्यानं ती आणलेली, पांढरी, कपाळावर राखेच्या रंगाचा टिळा, आणि पंचक्रोशीतली लग्नं तिच्या पाठीवरून गेलेली. गाव तिला शाजादी म्हणायचं. आदल्या दिवशी एका नव्या नालबंदानं तिच्या पुढच्या दोन्ही पायांना नाल ठोकली होती, लग्नातून येताना ती लंगडायला लागली. कारभारी तिच्या समोर उभा होता, तिचं तोंड त्याच्या तोंडाकडं, आणि त्यानं आपला डावा हात पुढं करून सांगितलं, डाव्या पायात कळ हाय तिच्या. साहेबराव ओट्यावर टेबलाशी बसून केसपेपर भरत होते. त्यांनी लिहिलं, पुढचा डावा. तेवढ्यात मोठ्या डागदरांचा फोन लागला, ते कुठल्याशा बैठकीत होते, कावलेले होते. डावा ना? मग नाल काढा, खूर कोरा, आयोडीन भरा, पट्टी बांधा, उद्या बघू. फोन बंद. बाहेर लसीकरणाची जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न देऊन राहिलेला. साहेबराव हत्यारांचा ट्रे घेऊन ओट्यावरून उतरले आणि घोडीजवळ गेले.

इथपर्यंतचं त्यांनी मनात कितीतरी वेळा चालवून बघितलं होतं. याच्या पुढं आलं की त्यांचं मन नेमकं ट्रे, जीप, ऊन असं काहीतरी बघायला लागायचं. आज खिडकीत बसून त्यांनी ओळंबा खाली ठेवला आणि पुढं बघितलं. घोडी उभी होती. तिचा उजवा पाय पुढं होता. फार नाही, चार बोटं. टाचेकडून उचललेला, नुसता शेंडा जमिनीला टेकवलेला, आणि घोटा ताठ. डाव्या खांद्यावर सगळा भार. ते हे बघत होते. त्यांना हे दिसलं होतं. डावा नाही, उजवा, हे त्यांच्या डोक्यात स्वच्छ आलं होतं आणि त्याच्या मागोमाग आलं होतं की आता वर जायचं, केसपेपर खोडायचा, खाडाखोड केली तर सही लागते, परत फोन लावायचा, साहेब परत कावणार, तुम्हाला साधा डावा-उजवा कळत नाही का म्हणणार, आणि जीप. घोड्यांचं आपल्याला तसं कळत नाही, असंही त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. आपण बैलाची माणसं. घोडी पाय बदलून उभी असेल. मालकाला जनावर जास्त कळतं. हे सगळं ठरायला चहाचा एक घोट प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. मग त्यांनी तिचा डावा पाय उचलला.

डावा उचलल्यावर तिला उजव्यावर उभं राहावं लागलं. ती सगळी थरथरली, पोटाची कातडी नुसती पळत होती, आणि तिनं मान साहेबरावांच्या पाठीवर टाकली. असं का करून राह्यली ही, कारभारीनं विचारलं. दुखतंय ना, म्हणून, साहेबराव म्हणाले. तिनं लाथ मारली असती तर बरं झालं असतं. लाथ मारली असती तर त्यांनी सोडून दिलं असतं, उद्या या म्हणाले असते. पण ती माणसाळलेली घोडी, नवरदेवांना सांभाळायची सवय, तिनं सगळं सहन केलं. चांगल्या पायाची चांगली नाल त्यांनी काढली, चांगला खूर कोरला, पू लागेना म्हणून आणखी कोरला आणि शेवटी पू अजून धरला न्हाई असं सांगून पट्टी बांधली. तिच्या मानेचं वजन साहेबरावांना आता, अकरा वर्षांनी, जालन्याच्या या दोन खोल्यांत, उजव्या खांद्यावर लागलं. त्यांनी हात नेऊन तिथं दाबून बघितलं. तिथं काही नव्हतं, घामानं भिजलेली बनियन होती.

मोठ्या डागदरांचा तो उद्या उजाडलाच नाही, आणि नवव्या दिवशी तिला धनुर्वात झाला. जबडा मिटला, शेपूट ताठ झाली, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी अंगभर कापायची. दोन दिवसांत गेली. खड्डा खणायच्या आधी नालबंदानं राहिलेली नाल काढली, उजव्या पायाची, तर खिळ्याच्या भोकातून काळं पाणी आलं. गावची पंधरा-वीस माणसं उभी होती, सगळ्यांनी आधी त्या खुराकडं बघितलं आणि मग साहेबरावांकडं. कोणी काही म्हणालं नव्हतं अजून. म्हणायच्या आधीच साहेबराव बोलले. कारभारी, तुम्हीच डावा म्हणाला होता. बस, एवढंच. आवाजही चढवला नाही, उलट समजुतीच्या सुरात, दुखवटा असलेल्या माणसाशी बोलतात तसं. कारभारीनं स्वतःचे दोन्ही हात बघितले, एक उचलला, खाली केला. मी म्होरं उभा व्हतो तिच्या, तो म्हणाला. लोकांना कळलं. कोणीतरी च् च् केलं. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. साहेबरावांना त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची लाजही वाटली होती, पण सुटणं जास्त होतं.

नंतर कारभारीनं दुसरी घोडी केली नाही. तो गाव सोडून जालन्याला लेकीकडं आला आणि अंबड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात वॉचमन झाला, हे साहेबरावांना चार महिन्यांपूर्वी कळलं, एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले तेव्हा. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यानंच ओळखलं. डागदर, तुमी, म्हणाला आणि चक्क पाया पडायला वाकला. साहेबरावांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. वरात आली, बँड वाजायला लागला, पुढं घोडी नाचत आली, तसा कारभारी काहीतरी काम काढून कार्यालयाच्या मागं निघून गेला. गेट दुसऱ्याच माणसानं सांभाळलं. जेवणं झाल्यावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघं बसले, तेव्हा कारभारी म्हणाला, तवापासून मी घोड्याच्या म्होरं जात न्हाई. माझी जीभ चुकली अन् जनावर गेलं. लई इमानी व्हती. हे त्यानं कुरकुर न करता सांगितलं, दर लग्नाला सांगत असल्यासारखं. साहेबरावांनी सांगायला तेव्हाच हवं होतं. तोंडात बडीशेप होती, ती त्यांनी पुष्कळ वेळ चावली. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मोबाईलवर आपण केलेल्या मातीच्या बैलांचे फोटो दाखवले आणि कारभारीचे डोळे एकदम ओले झाले. एक घोडा कराल का, त्यानं विचारलं. देवघरात खंडोबाच्या टाकापाशी ठेवायला. शाजादी गेल्यापासून देवाला घोडा न्हाई माझ्या. पण चारी पायांवर उभा पाहिजे बरं का डागदर, देवाम्होरं खोड असलेलं जनावर चालत न्हाई. साहेबरावांच्या घरात देव नव्हते, बाबासाहेबांचा फोटो होता आणि बुद्धाची मूर्ती. पण ते करतो म्हणाले. एक चांगला, धडधाकट घोडा करून दिला की न बोललेलं सगळं आपोआप फिटेल असं त्यांना त्या सावलीत वाटलं होतं. इतके ते थकलेले होते की हे त्यांना पटलंसुद्धा.

आणि रविवारी घोडा द्यायचा होता. आज गुरुवार.

दुपारी त्यांनी पाय सरळ करायचा प्रयत्न केला. नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते, ड्रममध्ये तळ दिसत होता, तरी तांब्याभर काढून फडकं भिजवलं, पायाला गुंडाळलं, माती मऊ पडू दिली आणि पाय मागं घेतला. ओळंबा लावला. चारी पाय आता बरोबर चौरस. पण घोडा गेला. समोर नुसती माती उभी होती, चार पाय असलेली. डावा खांदा उगाच फुगलेला, मागचे पाय उगाच ओढलेले, मान कोणालाच न सांगता आलेल्या कारणासाठी खाली. एका पायाच्या दुखण्याला सगळं शरीर कसं सामील असतं, ते त्यांनी इतकी वर्षं बघितलं होतं, पण इतकं नीट कधी दिसलं नव्हतं. पाय बदलायचा तर खांदा बदलायला हवा, खांदा बदलायचा तर पाठ, पाठ बदलायची तर सगळं मोडून तारेपासून सुरुवात. आणि तारेपासून सुरुवात केली तरी हात हेच. त्यांनी फडकं परत ओलं केलं आणि पाय होता तिथं, जवाएवढा पुढं, परत आणून ठेवला. लगेच घोड्यात जीव आला. दुखरा, पण जीव.

संध्याकाळी सत्यशीलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा साहेबरावांनी विचारलं, तुला कसं कळलं पाय दुखतो ते? सत्यशीलाबाई हसल्या, फारशा नाही. पाय वाचवून उभं राह्यलेलं मला न्हाई कळायचं तर कोणाला, त्या म्हणाल्या. मी पोळ्या करते तवा अशीच उभी राहते. मग मेथीची काडी बाजूला टाकत त्यांनी विचारलं, "माझा कोणता दुखतो, सांगा बरं?" साहेबरावांनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांकडं बघितलं. लुगड्याखाली दोन्ही सारखेच होते. ही भिंतीला कोणत्या हातानं धरते, जिना चढताना कोणता पाय आधी टाकते, मलम कुठं चोळते, हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं आणि त्यातलं काहीच हाताशी येईना. "डावा," ते म्हणाले. "उजवा," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं झाली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली आणि दोरा गुंडाळून ठेवला.

रविवारी सकाळी साहेबरावांनी चपलांच्या रिकाम्या खोक्यात कापूस घातला, घोडा त्यात निजवला नाही, उभाच ठेवला, बाजूनं कापूस दाबला. रिक्षात खोका मांडीवर धरून बसले. रिक्षावाल्यानं खड्डा आला की सांगायला सुरुवात केली, काका संभाळा. कार्यालयात अकराचं लग्न होतं. स्पीकरवर सनई लावलेली, जेवणाच्या मांडवातून बुंदीच्या तुपाचा वास, खुर्च्या अजून निम्म्या रिकाम्या. कारभारी गेटवर होता. खोका बघून त्यानं शिट्टी काढून खिशात घातली, हात धोतराला पुसले आणि साहेबरावांना आपल्या खोलीत घेऊन गेला. खोली म्हणजे जनरेटरच्या शेजारची पत्र्याची जागा, एक टेबल, एक खुर्ची. त्यानं खुर्ची साहेबरावांना दिली आणि स्वतः उभा राहिला. साहेबरावांनी कापूस काढून घोडा टेबलावर ठेवला, तोंड कारभारीकडं. त्यांच्या मनात सगळं सांगून टाकणंही तयार होतं. काही न बोलता उठून जाणंही तयार होतं. फार तर तो म्हणेल, डागदर, पाय जरा हुकला, आणि आपण म्हणू, माती ओढली, वय झालं आता. तेवढ्यावर भागलं असतं. देवघरात न ठेवता त्यानं तो कपाटावर ठेवला असता.

कारभारी वाकला. पुष्कळ वेळ बघत राहिला. त्याचं तोंड घोड्याच्या तोंडाशी आलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं. "ही तर शाजादी हाय," तो म्हणाला. साहेबरावांनी तिला शाजादी केलं नव्हतं, कपाळावर टिळा नव्हता, रंग नव्हता. कारभारीनं आपला डावा हात पुढं केला, बोट त्या पुढं आलेल्या पायाजवळ नेलं, टेकवलं नाही, आणि अगदी हळू म्हणाला, "हिचा डावा पाय दुखून राह्यला, डागदर."

साहेबरावांना तो ओटा दिसला, कडुनिंब दिसला, हातातलं पेन दिसलं. विचारायला एवढंच होतं, पाच अक्षरं, आणि तेव्हा त्यांनी ती विचारली नव्हती.

"कोणाचा डावा, कारभारी?"

कारभारीनं चमकून वर बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं, मग घोडीकडं. तो सावकाश टेबलाला वळसा घालून साहेबरावांच्या बाजूला, घोडीच्या मागं येऊन उभा राहिला. "माझा," तो म्हणाला. "हिचा उजवा. तेच तर चुकलं व्हतं माझं."

"तुमची जीभ चुकली होती," साहेबराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं आवाज कापेल, पण तो साधाच आला, थकलेला. "माझे डोळे चुकले नव्हते. ती अशीच उभी होती, कारभारी. मला उजवा दिसला होता. कागदावर डावा लिहून झाला होता, तो खोडायचा मी कंटाळा केला."

बाहेर सनई संपून दुसरी कॅसेट लागल्यासारखा आवाज झाला आणि परत सनईच लागली. कारभारी घोडीकडंच बघत होता.

"दिसला व्हता," तो म्हणाला.

"हो."

"आन् मंग समद्यांम्होरं मला..."

"हो."

साहेबरावांनी मनात शिव्या धरून ठेवल्या होत्या, एक थप्पडसुद्धा धरून ठेवली होती, त्यातलं काही आलं नाही. कारभारी फक्त एकदा खाली बसला, उकिडवा, भिंतीला पाठ लावून, आणि परत उठला. अकरा वर्सं, तो म्हणाला, पण ते साहेबरावांना उद्देशून नव्हतं. हलकं वाटेल असं साहेबरावांना वाटलं होतं, तेही खोटं निघालं. त्यांना फक्त दिसत होतं की या माणसाच्या मिशा पांढऱ्या व्हायला वेळ लागला असेल आणि त्या सगळ्या वेळात आपण पेन्शनर होऊन सुखानं जेवत होतो.

मग बँड ऐकू आला. गल्लीच्या तोंडाशी वरात वळली होती. कारभारीचे कान त्याच्या आधीच तिकडं लागले होते. बँडच्या आतून, डांबरावरून, टापा येत होत्या, आणि साहेबरावांनाही ते ऐकू आलं, चारातली एक टाप वेगळी वाजत होती, सैल, खुळखुळ. कारभारीनं टेबलावरचा घोडा उचलला. दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन, बरोबर उचलायला पाहिजे तसा. तो त्यानं खोक्यात ठेवला, कापूस बाजूनं नीट दाबला आणि खोका साहेबरावांच्या मांडीवर दिला.

"हे घेऊन जा, डागदर. माझ्या देवाला चारी पायांवरचा पाहिजे," तो म्हणाला, आणि शिट्टी गळ्यात घालत बाहेर गेला.

साहेबराव खोका घेऊन गेटपाशी आले तेव्हा वरात आत शिरत होती. घोडी काळी होती, झुलीखाली घामेजलेली, नवरदेव तलवार सावरत बसलेला. कारभारी कार्यालयाच्या मागं गेला नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध, घोडीच्या अगदी समोर उभा होता, तिच्या तोंडाला तोंड, आणि त्याचा एक हात तिच्या कपाळावर होता. घोडीवाला, विशीतला पोरगा, लगाम ओढत वैतागून विचारत होता, बाबा काय झालं, बाजूला व्हा ना. नाल सुटून राह्यली तुझी, कारभारी म्हणाला, नवरदेवाला खाली उतरव. कोणती, पोरानं विचारलं.

कारभारीनं आपला डावा हात पुढं केला. मग तो खाली घेतला, घोडीला वळसा घालून तिच्या मागं गेला, तिचं तोंड होतं तिकडं तोंड करून उभा राहिला. साहेबराव तिथून चार हातांवर होते. कारभारीनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण बँड थांबलेला असल्यामुळे त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"पुढचा उजवा," तो म्हणाला. "घोडीचा. माझा न्हाई."

साहेबरावांनी खोका छातीशी धरला आणि ते रिक्षा मिळते का बघत रस्त्याच्या कडेनं चालू लागले.